मुठीपासून वीतभर दूर

पुरुषोत्तमनगर हे वजनावर उभं राहिलेलं गाव आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना इथलाच. गाळप हंगाम सुरू झाला की इथे दिवस काट्यावर मोजला जातो. उसाने भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, गव्हाणीपाशी रिकामी होते आणि पुन्हा काट्यावर येते. या दोन आकड्यांच्या वजाबाकीत एका शेतकऱ्याचं सबंध वर्ष असतं. ऊस टनात, साखर क्विंटलमध्ये, पोतं पन्नास किलोचं. आठ किलो म्हणजे किती आणि सोळा म्हणजे किती, हे इथल्या माणसाला वजनकाट्याशिवायही हातानेच कळतं.

अशा गावाला एका लोखंडी गोळ्याची गोष्ट सांगायलाच हवी. खाली सपाट बूड, मध्ये भरीव गोल पोट आणि वर जाड कडीसारखी मूठ. जिममध्ये डंबेलच्या रांगेशेजारी तो दिसतो आणि त्याला केटलबेल म्हणतात. व्यायामाचं साधन म्हणून तो आज जगभर पोचला आहे, पण त्याचा जन्म धान्याच्या काट्यावर झाला. रशियातल्या बाजारात धान्य तोलायला ही लोखंडी वजनं वापरत. मापाड्याला ती उचलता यावीत म्हणून त्यांना मूठ होती. पुढे जत्रेत हीच वजनं डोक्यावर उचलून, फिरवून, फेकून झेलून ताकद दाखवली जाऊ लागली. सेंट पीटर्सबर्गचे डॉक्टर व्लादिस्लाव क्रायेव्स्की यांनी १८८५ मध्ये वजन उचलणाऱ्यांचा क्लब काढला आणि बाजारातलं वजन व्यायामशाळेत आलं.

त्या काळी रशियात पूड हे माप होतं. एक पूड म्हणजे १६.३८ किलो. आपल्याकडे मण आणि शेर होते, ते १९५६ च्या कायद्यानंतर काही वर्षांत बाजारातून गेले. तसाच पूडही १९२४ मध्ये सोव्हिएत रशियातून गेला. पण केटलबेलच्या स्पर्धेत आजही १६, २४ आणि ३२ किलोचे गोळे वापरतात. एक पूड, दीड पूड, दोन पूड. धान्याच्या बाजाराने शंभर वर्षांपूर्वी टाकून दिलेलं माप जिममध्ये अजून जिवंत आहे.

आता खरा प्रश्न. सोळा किलो कुठेही सोळा किलोच. गव्हाची तेवढीच गोणी घेतली, पाण्याने भरलेला डबा घेतला किंवा तेवढ्याच वजनाचा डंबेल घेतला, तर या गोळ्याइतका परिणाम का होत नाही? माणूस दहा मिनिटांत घामाने निथळावा असं या लोखंडात काय आहे?

लोखंडात काहीच नाही. जे आहे ते अंतरात आहे. डंबेल हातात धरला की वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं आणि त्याचा मध्य मुठीतच राहतो. केटलबेलचं वजन मुठीच्या बाहेर, जेमतेम वीतभर खाली लटकतं. या साधनाचं सगळं भलं आणि सगळं वाईट त्या वीतभर अंतरातून निघतं. एकाच जागेतून इतके फायदे आणि इतके धोके कसे निघतात, हे पाहताना मन थक्क होतं.

आखाजीचा झोका आणि तिप्पट वजन

केटलबेलचा पायाभूत व्यायाम म्हणजे स्विंग. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवायचे, गोळा दोन्ही हातांनी धरायचा, पाठ सरळ ठेवून खुब्यातून मागे झुकायचं आणि गोळा मांड्यांमधून मागे जाऊ द्यायचा. मग खुबा झटक्यात पुढे आणून ताठ उभं राहायचं. गोळा आपोआप छातीपर्यंत वर येतो, क्षणभर तरंगतो आणि परत खाली येतो. हात त्याला उचलत नाहीत. ते फक्त दोरीचं काम करतात.

ज्याने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झाडाला बांधलेला झोका घेतला आहे, त्याला या व्यायामाचं अर्धं शास्त्र आधीच ठाऊक आहे. झोका खालून जोरात जातो तेव्हा अंग जड होतं, पाट पायांना टेकू लागतो आणि दोरी करकरते. वरच्या टोकाला तेच अंग पिसासारखं हलकं होतं. उभ्याने झोका चढवणारी मुलगी सारखा जोर लावत नाही, नेमक्या क्षणी गुडघे वाकवून ताणते आणि तेवढ्यानेच झोका फांदीपर्यंत जातो. स्विंगमध्ये फांदीच्या जागी खांदा असतो, दोरीच्या जागी हात आणि गुडघ्यांच्या झटक्याच्या जागी खुब्याचा झटका.

याचं गणित फार सुंदर आहे. दोरीला बांधलेलं वजन आडव्या रेषेपर्यंत वर नेऊन सोडून दिलं, तर अगदी तळाशी येताना दोरीवर त्याची ओढ मूळ वजनाच्या तिप्पट असते. एक हिस्सा पृथ्वीच्या ओढीचा, दोन हिस्से वेगाने वळण घेण्याचे. दोरी हातभर असो की झाडाएवढी उंच, उत्तर तिप्पटच येतं, कारण लांब दोरीने वेग वाढतो, पण वळणही तेवढंच सैल होतं. म्हणजे १६ किलोचा गोळा तळाशी क्षणभर ४८ किलोचा होतो आणि वर गेला की जवळजवळ शून्याचा. माणसाचा खांदा फांदीसारखा जागेवर खिळलेला नसतो आणि गोळा जोर लावून खाली ओढताही येतो, म्हणून प्रत्यक्षात हा आकडा कमीजास्त होतो. पण शरीराला मिळणारा धडा हाच. एका मिनिटात वीसबावीस वेळा वजन जड होतं आणि हलकं होतं, आणि स्नायूंना तेवढ्याच वेळा आवळावं लागतं आणि सोडावं लागतं.

सोडावं लागतं, हे इथे फार महत्त्वाचं. ताकद म्हणजे आवळणं असं आपण धरून चालतो. पण वेगाने धावणारा, उडी मारणारा किंवा कुस्तीत ढाक लावणारा माणूस क्षणात आवळतो आणि पुढच्याच क्षणी सैल होतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल आणि ली मार्शल यांनी २०१२ मध्ये १६ किलोचा स्विंग मोजला. त्यात नितंबांचे स्नायू त्यांच्या कमाल ताकदीच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत आणि कंबरेचे सुमारे ५० टक्क्यांपर्यंत आवळले जात होते, आणि प्रत्येक फेरीत पुन्हा सैल होत होते.

मुद्गलाचा वंश

वजन मुठीपासून दूर ठेवण्याची ही युक्ती आपल्या तालमींना नवी नाही. मुद्गल फिरवताना मूठ एका टोकाला असते आणि जडपणा दुसऱ्या टोकाला. गदेत हे अंतर आणखी वाढतं. करेला हा मुद्गलाचाच भारी भाऊ. उत्तर भारतातल्या आखाड्यांत नाल असते: पोकळ कोरलेला दगड आणि आत धरायला मूठ. हनुमानाच्या हातातली गदा आपण पूजतो, पण तिच्यातलं यंत्रशास्त्रही तितकंच मोठं आहे. मुठीपासून वजन जितकं लांब, तितकं ते खांद्याला, मनगटाला आणि कण्याला जास्त कामाला लावतं. म्हणून पैलवान हलकं मुद्गलही फार काळजीपूर्वक फिरवतो.

ही विद्या लिहून ठेवण्याचं मोठं काम खानदेशाच्या शेजारीच झालं. बडोद्याला द. चिं. मुजुमदारांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. त्याच शहरात जुम्मादादांच्या आखाड्यात राजरत्न माणिकराव पिढ्या घडवत होते. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी उभं केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकला आपले देशी खेळ दाखवायला गेलं. त्याआधीच आपलं मुद्गल जगभर फिरून आलं होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी ते हिंदुस्थानातून उचललं, युरोप-अमेरिकेच्या शाळांत आणि पलटणींत नेलं, आणि १९०४ मध्ये सेंट लुइसला आणि १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला मुद्गल फिरवणं हा ऑलिम्पिकचा प्रकार होता.

चीनमध्ये कुलपाच्या आकाराचा मूठवाला दगड उचलत आणि फेकत. ग्रीसमध्ये ऑलिम्पियाला १४३.५ किलोचा मूठ कोरलेला दगड सापडला आहे. बायबॉन नावाच्या माणसाने तो एका हाताने डोक्यावर नेला असं त्यावर अडीच हजार वर्षांपूर्वी कोरलेलं आहे. वेगवेगळ्या मुलखांतली माणसं एकमेकांना न भेटता त्याच वीतभर अंतरापाशी येऊन पोचली. केटलबेल त्या वंशातला सगळ्यात सुटसुटीत सदस्य. मिन्स्कमध्ये जन्मलेल्या पावेल त्सात्सुलिन यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तो शिकवायला घेतला, आणि तिथून तो आपल्याकडच्या जिमपर्यंत आला.

काय मिळतं

पहिली कमाई हृदयाची. २०१० मध्ये अमेरिकेत फरार, मेह्यू आणि कॉख या संशोधकांनी दहा तरुणांना १६ किलोचा गोळा देऊन सांगितलं की बारा मिनिटांत जमतील तेवढे स्विंग करा. सरासरी २६५ स्विंग झाले. १६ किलो गुणिले २६५ म्हणजे ४,२४० किलो. बारा मिनिटांत सव्वाचार टन लोखंड एकेका माणसाने छातीपर्यंत नेलं, आणि तेही धावपट्टी, मैदान किंवा वीज न वापरता, एका सतरंजीएवढ्या जागेत. त्यांच्या हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या सुमारे ८७ टक्क्यांवर राहिले.

दुसरी कमाई ताकदीची आणि उसळीची. इंग्लंडमध्ये लेक आणि लॉडर यांनी २०१२ मध्ये एकवीस पुरुषांवर सहा आठवडे प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, फक्त बारा बारा मिनिटं. एका गटाने स्विंग केले, दुसऱ्याने वजन घेऊन उडी-बैठका मारल्या. दोन्ही गटांची बैठकीतली ताकद आणि उंच उडी वाढली, आणि कोणता गट पुढे गेला असं म्हणता आलं नाही. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या शाळकरी पोरासाठी, भरती परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणीसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण महागडी यंत्रं नसली तरी उसळी कमावता येते.

तिसरी कमाई मला सगळ्यात विलक्षण वाटते. डेन्मार्कमध्ये केनेथ जे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रयोगशाळेत काम करणाऱ्या चाळीस जणांवर चाचणी घेतली. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सरासरी वय चव्वेचाळीस, आणि मान, खांदे, कंबर यांचं दुखणं त्या कामात नित्याचं. निम्म्या जणांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं केटलबेलचा व्यायाम केला. त्यांची मानेची आणि खांद्यांची दुखणी कमी झाली, कंबरदुखी कमी झाली आणि पाठीच्या स्नायूंची ताकद वाढली. ज्या व्यायामात कंबर मोडेल अशी भीती वाटते, त्यानेच कंबरदुखी कमी झाली. मात्र त्याच चाचणीत दमाची क्षमता मोजण्याइतकी वाढली नाही, म्हणजे दम वाढायला गोळा किती वेगाने आणि किती वेळ फिरवला जातो हेही पाहावं लागतं.

याशिवाय पकड. जाड मूठ आणि बाहेर ओढणारं वजन यामुळे पंजा आणि कोपरापुढचा हात सतत कामाला असतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम किंवा पंचाहत्तर ते दीडशे मिनिटं जोराचा व्यायाम, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. या दोन्ही मागण्या एकाच गोळ्याने बऱ्यापैकी भागतात. ज्या गावात जिम नाही, मैदान पावसाळ्यात चिखलाचं होतं आणि घरातल्या बाईला स्वतःसाठी वीस मिनिटंच मिळतात, तिथे याचं मोल मोठं आहे.

काय जातं, काय बिघडतं

आता नाणं उलटं करू. मॅकगिल आणि मार्शल यांनी त्याच मोजमापात कंबरेच्या मणक्यांवरचा दाबही काढला. गोळा तळापासून वर निघताना तो ३,१९५ न्यूटन होता, म्हणजे सुमारे ३२६ किलो वजन ठेवल्याइतका. वरच्या टोकाला तो १,९०३ न्यूटनपर्यंत उतरला. कामगारांची कंबर जपण्यासाठी अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने सावधगिरीची रेषा ३,४०० न्यूटनला आखली आहे. म्हणजे एका चांगल्या शिकलेल्या माणसाचा सोळा किलोचा स्विंगही त्या रेषेच्या जवळ जातो.

त्याहून नवलाची बाब दाबाच्या दिशेची. वाकून वजन उचलताना एरवी वरचा मणका खालच्यावर पुढे सरकू पाहतो. स्विंगमध्ये कंबरेचा चौथा मणका पाचव्यावर मागच्या दिशेने ढकलला जात होता. त्यामुळे एकाची पाठ स्विंगने बरी होते आणि दुसऱ्याची त्याच स्विंगने बिघडते, असं घडू शकतं. शेजारच्याला मानवला म्हणून आपल्यालाही मानवेल, असं समजणं इथे धोक्याचं आहे. चकती सरकलेली असेल, सायटिका असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्याला हात लावू नये.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे खुब्याऐवजी कंबरेतून वाकणं. पाठ गोल झाली की मघाचं ते तिप्पट वजन नितंबांवर न जाता मणक्यांमधल्या चकत्यांवर येतं. दुसरी चूक म्हणजे हातांनी गोळा उचलणं, त्यात खांदे आणि मान जाते. तिसरी मनगटाची. एका हाताने गोळा डोक्यावर नेताना तो मुठीभोवती वळतो आणि हाताच्या पुढच्या भागावर आदळतो. अंगठ्याच्या बाजूच्या स्नायुबंधाला इजा झाल्याचा रुग्ण २०१३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला आहे. तळहाताला घट्टे पडतात आणि ते सोलले तर आठवडाभर कुदळ किंवा विळा धरता येत नाही. शेतात राबणाऱ्याला हे परवडत नाही.

मर्यादाही आहेत. बारबेलवर दोन-अडीच किलोने वजन वाढवता येतं. इथे १६ वरून थेट २० वर, जुन्या रशियन पद्धतीने २४ वर जावं लागतं. ही उडी २५ किंवा ५० टक्क्यांची आहे आणि शरीर अशा उड्यांनी वाढत नाही. कमाल ताकद वाढवायची असेल तर बारबेल पुढे जातं. २०१२ मध्ये ऑटो आणि सहकाऱ्यांनी दोन्हींची तुलना केली, तेव्हा बैठकीतली ताकद बारबेलच्या गटात जास्त वाढली. आणखी एक उणीव म्हणजे स्विंगने शरीराची मागची बाजू कमावली जाते, छाती आणि दंड मागे राहतात. यावर उपाय आपल्या घरातच आहे. स्विंगच्या जोडीला जोर मारले की पुढची बाजूही भरते, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

रक्तदाब असलेल्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. फरार यांच्या प्रयोगात हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ८७ टक्क्यांवर गेले, पण ऑक्सिजनचा वापर ६५ टक्क्यांच्या आसपासच राहिला. हृदय फुप्फुसांच्या मानाने जास्त धावत होतं. घट्ट मूठ, आवळलेलं पोट आणि रोखलेला श्वास यांनी रक्तदाब चढतो. ज्याचा तो आधीच वाढलेला आहे, ज्याला हर्निया आहे किंवा जिला दिवस गेले आहेत, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हा व्यायाम करू नये.

नंदुरबारसाठी वेगळी दोन वाक्यं नव्हेत, वेगळं प्रकरण

परदेशी पुस्तकात न सापडणारी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा जनुक आला तर माणूस वाहक होतो. त्याला बहुधा काहीच त्रास नसतो आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसतं. पण अतिश्रम, उन्हाळा आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की वाहकाच्या रक्तपेशीही स्नायूंत वाकड्या होऊ शकतात.

अमेरिकन लष्करातल्या जवळपास ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. वाहक सैनिकांत मृत्यू जास्त आढळले नाहीत, आणि ही दिलाशाची गोष्ट आहे. पण अतिश्रमाने स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरण्याचा धोका वाहकांत ५४ टक्क्यांनी जास्त निघाला. ती द्रव्यं मूत्रपिंडं निकामी करू शकतात. याची खूण म्हणजे व्यायामानंतर स्नायू असह्य दुखणं, सुजणं आणि लघवी काळपट-तपकिरी होणं. तसं झालं तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं, आणि हे वाहक नसलेल्यालाही लागू आहे. पहिल्याच दिवशी ईर्षेने शेकडो स्विंग मारणारा कोणीही या वाटेला जाऊ शकतो.

याचा अर्थ वाहकाने व्यायाम करू नये असा मुळीच नाही. हळू चढवावा, मध्ये भरपूर विसावा घ्यावा, पाणी प्यावं, खानदेशच्या वैशाखात उन्हात करू नये, आणि कोणी थांबलं तर त्याला हिणवू नये. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी होते, ती व्यायाम सुरू करण्याआधीच करून घ्यावी. प्रत्यक्ष सिकलसेलच्या रुग्णाने मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच करावं.

आणखी एक स्थानिक सवय. आपल्याकडे व्यायाम पहाटेचा. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंची साधारण एक टक्क्याने जास्त भरते. उठल्यावर पहिल्या तासात ते पाणी बरंचसं निघून जातं. तोवर चकत्या ताठ असतात आणि वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. म्हणून अंथरुणातून उठून थेट गोळ्याकडे जाऊ नये. आधी चालावं, घरातली कामं उरकावीत, मग स्विंग.

राबणं आणि कमावणं

इथे कोणी विचारेल, की जो दिवसभर ऊस तोडतो, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतो, त्याला हा गोळा कशाला? प्रश्न रास्त आहे. मोळी डोक्यावर घेणारी बाई जो झटका देते तोही खुब्यातूनच येतो आणि तिचं कौशल्य कुठल्याही प्रशिक्षकापेक्षा कमी नाही. पण कष्ट आणि व्यायाम यांत एक फरक आहे आणि तो शरीराला कळतो. व्यायामात वजन आपण निवडतो, थकलो की खाली ठेवतो, उद्या सुट्टी घेतो. स्नायू बळकट होतात ते त्या विसाव्यात. तोडणीत वजन मुकादम आणि टनाचा भाव ठरवतो, आणि विसावा हंगाम संपल्यावर मिळतो. म्हणून ऊसतोड मजुराला सांगायचा व्यायाम म्हणजे झोप, पोटभर जेवण आणि पाठ मोकळी करणारे सौम्य ताण. गोळा खरा हवा तो काट्यावर, कचेरीत, दुकानात, शाळेत आणि गाडीवर दिवसभर बसणाऱ्यांना, आणि ज्यांच्या कष्टाची जागा यंत्राने घेतली त्यांना. कारखान्याच्या गावात त्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे.

सुरुवात कशी करावी

पहिला आठवडा गोळ्याला हातच लावू नये. पाठीवर उभी काठी धरावी: डोक्याचा मागचा भाग, दोन फऱ्यांमधली जागा आणि माकडहाड या तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. मग भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभं राहावं आणि नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवावेत. तीनपैकी एक जागाही काठीपासून सुटली तर पाठ गोल झाली असं समजावं. हे शंभरदा नीट जमेपर्यंत पुढे जाऊ नये. नंतर स्त्रियांनी आठ किलो, पुरुषांनी बारा किंवा सोळा. दहा स्विंग, मग श्वास पूर्ण खाली बसेपर्यंत विसावा, अशा पाच फेऱ्या. आठवड्यातून तीन दिवस आणि मध्ये एकेक दिवस मोकळा. वर जाताना श्वास सोडायचा. मोजणी संपली म्हणून थांबायचं नसतं. पाठ किंवा पकड ढळली की संख्या कितीही असो, गोळा खाली ठेवायचा.

तालमीत नवख्याच्या हातात मुद्गल देण्याआधी वस्ताद त्याला बरेच दिवस नुसतं पाहायला लावतो. उभं कसं राहतो, श्वास कुठे रोखतो, कुठला खांदा वर जातो, हे सगळं वस्तादाच्या नजरेतून सुटत नाही. केटलबेल आपल्याकडे आला तो एकटा, वस्तादाशिवाय, मोबाइलवरच्या चित्रफितींसोबत. वर सांगितलेल्या बहुतेक इजा तिथूनच सुरू होतात. चित्रफीत करून दाखवते, पण आपली पाठ गोल झाली हे तिला दिसत नाही. म्हणून गावात कुणाला खर्च करायचा असेल, तर गोळ्यांची रांग घेण्याआधी एका तरुणाला आणि एका तरुणीला हे शास्त्र नीट शिकून यायला पाठवावं. चार वेगवेगळ्या वजनांचे गोळे, शाळेच्या ओट्याएवढी जागा आणि चुकलेली पाठ ओळखणारी दोन माणसं, एवढ्यावर सबंध वसाहतीची कंबर सांभाळता येईल.